कथेतील तिघे, कायद्यातील दोघे

अकोला : मोर्णेकाठचे जुने शहर म्हटले की असदगडाचे बुरूज, राजराजेश्वराचे मंदिर आणि एकमेकांना खेटून उभी असलेली घरे डोळ्यांपुढे येतात. या घरांत प्रेमकथा आता मोबाईलच्या पडद्यावरूनही पोहोचते आणि तिचे रूप बदलू लागले आहे. प्रेमाचा त्रिकोण जुनाच आहे. मात्र त्यातील एकाने त्याग करावा, मरावे किंवा खलनायक ठरावे, हा शेवट नव्या कथेला मान्य नाही. तिघांनाही एकमेकांविषयी ठाऊक आहे, कुणी कुणाला फसवत नाही आणि मैत्री व प्रेम दोन्ही टिकवण्याची खटपट सुरू आहे, असे हे कथानक असते. सर्वांच्या माहितीने आणि संमतीने एकाहून अधिक प्रेमसंबंध ठेवण्याला ‘पॉलिअॅमरी’ हा शब्द १९९०च्या दशकात पाश्चात्त्य देशांत रूढ झाला.

हा शब्द परका असल्याने विषयही परका, पुण्या-मुंबईकडून किंवा अमेरिकेतून आलेले हे खूळ, असा निष्कर्ष चटकन काढला जातो. मराठी साहित्याचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

मराठीला विषय नवा नाही

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून स्त्री-पुरुषांना कामजीवनात समान स्वातंत्र्य असावे, असा आग्रह धरला. त्याबद्दल खटले सोसले. विवाहसंस्थेतील स्त्रीच्या गळचेपीवर १९३०च्या दशकात निर्भीड कादंबऱ्या लिहिणाऱ्या गीता साने तर वाशीमच्या, म्हणजे तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील. ज्या हरि नारायण आपटे यांनी मराठी कादंबरीत प्रथम स्त्रीच्या मनाचा ठाव घेतला, ते १९१२ मध्ये अकोल्यातच भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. गौरी देशपांडे यांच्या ‘तेरुओ’ची विवाहित नायिका पतीवरील प्रेम न सोडता दुसऱ्या पुरुषावर प्रेम करते. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या कादंबरीत भाऊ आणि बहीण एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात.

तरीही या प्रश्नाला थेट भिडणारी कलाकृती म्हणून प्रशांत दळवी लिखित आणि चंद्रकांत कुलकर्णी दिग्दर्शित ‘चारचौघी’ या नाटकाचेच नाव घ्यावे लागेल. १९९१ मध्ये रंगभूमीवर आलेले हे नाटक २०२२ मध्ये नव्या संचात पुन्हा सादर झाले. या नाटकातील आईने एका विवाहित पुरुषाशी असलेले नाते उघडपणे स्वीकारून मुलींना वाढवले आहे. थोरल्या विद्याला पतीच्या विवाहबाह्य संबंधाचा आघात सोसावा लागतो. धाकट्या विनीला मात्र प्रकाश आणि वीरेन हे दोघेही हवे आहेत आणि तिघांनी एकत्र राहावे, असा विचार ती मांडते. विद्याच्या संसारात तिसरी व्यक्ती येते ती तिच्या नकळत. विनी मात्र दोघांनाही आधी विचारते. मुख्य भेद या विचारण्यात आहे.

अनेकत्व जुने, विचारणे नवे

एकाहून अधिक जोडीदार ही गोष्ट वऱ्हाडाला कधीच अपरिचित नव्हती. मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्येला १९४६ मध्येच कायद्याने बंदी झाली. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात असल्याने येथील हिंदू पुरुषाला १९५५च्या हिंदू विवाह कायद्यापर्यंत दुसरी पत्नी करण्याची मुभा होती. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात पुरुषाला चार विवाहांची मुभा आजही आहे. या व्यवस्थेत पहिलीला विचारले जात नव्हते आणि दुसरीलाही क्वचितच. सवतीचे दुःख जात्यावरच्या ओव्यांतून उमटले ते त्यामुळेच. तेव्हा नव्या प्रेमकथेकडे पाहताना, माणसे किती आहेत हे मोजण्यापेक्षा प्रत्येकाला विचारले गेले का आणि नकार देण्याची मोकळीक प्रत्येकाला होती का, हे तपासणे अधिक अगत्याचे आहे.

संमती कुणाची?

कायद्याने हा प्रश्न दीर्घकाळ विचित्र रीतीने हाताळला. भारतीय दंड संहितेच्या कलम ४९७ नुसार परपुरुषाने विवाहितेशी संबंध ठेवणे हा गुन्हा होता, परंतु तिच्या पतीची संमती असल्यास तो गुन्हा ठरत नसे. व्यभिचारी पुरुषाच्या पत्नीला तक्रारीचा अधिकारच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी हे कलम रद्द केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते परतले नाही. जोडीदार हयात असताना दुसरा विवाह करणे मात्र कलम ८२ नुसार गुन्हाच आहे. त्यासाठी सात वर्षांपर्यंत आणि पहिला विवाह लपवला असल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे.

म्हणजे सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमत संबंध हा आता गुन्हा नाही. परंतु त्यांना संरक्षणही नाही. २०१३ मधील सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय या दृष्टीने लक्षणीय आहेत. महाराष्ट्रातील एका प्रकरणात पहिला विवाह लपवून जिच्याशी लग्न केले गेले, त्या स्त्रीला न्यायालयाने पोटगी मान्य केली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रकरणात, पुरुष विवाहित असल्याचे ठाऊक असताना त्याच्यासोबत राहिलेल्या स्त्रीचे नाते ‘विवाहसदृश’ ठरत नाही, असे सांगून कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे संरक्षण नाकारले. फसवल्या गेलेल्या स्त्रीला आधार देणे उचितच आहे. पण सत्य ठाऊक असूनही नाते स्वीकारणारीच्या पदरी काही पडत नाही. नवी प्रेमकथा ज्या प्रामाणिकपणाचा गौरव करते, त्याची किंमत न्यायालयात अशी मोजावी लागते.

उत्तराखंडमध्ये जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या समान नागरी कायद्याने सहजीवनाची नोंदणी सक्तीची केली. मात्र दोघांपैकी एक जण विवाहित किंवा अन्य सहजीवनात असल्यास नोंदणी नाकारण्याची तरतूद ठेवली. याउलट अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील सॉमरव्हिल शहराने २०२० मध्ये दोनाहून अधिक व्यक्तींच्या सहजीवनाला स्थानिक पातळीवर मान्यता दिली. आपल्याकडे तशी शक्यता नजीकच्या काळात दिसत नाही.

गल्लीतील वास्तव

कथेतील तिघे बहुधा महानगरातील सदनिकेत राहतात आणि त्यांना शेजारी नसतात. जुन्या शहरात कोणाच्या दारात कोणाची गाडी उभी राहिली, हे संध्याकाळपर्यंत गल्लीभर होते. येथे खरे बोलण्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. पुरुषाचे ‘प्रकरण’ चार दिवसांच्या चर्चेचा विषय होते. स्त्रीचे शिक्षण, नोकरी, भाड्याची खोली आणि माहेरचे दार, सारेच पणाला लागते. त्यामुळे तिने दिलेला होकार खरोखर मोकळा होता की एकटे पडण्याच्या भीतीपोटी होता, हा प्रश्न उरतोच. ‘आपण आधुनिक आहोत’ असे म्हणत जोडीदाराच्या गळी उतरवलेले नाते हे जुन्या सवतपणाचेच नवे नाव ठरते.

प्रेमकथा लिहिणाऱ्यांनी हा प्रश्न टाळू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे. तिघांचे सूर जुळले, येथे कथा संपवणे सोपे आहे. आजारपणात रुग्णालयाच्या अर्जावर नातेवाईक म्हणून सही कोणी करायची, मूल झाल्यास जबाबदारी कोणाची आणि तिघांपैकी एकाला बाहेर पडायचे असल्यास त्याला मानाने जाता येईल का, याची उत्तरे कथेने शोधली पाहिजेत. अशा नात्याचे समर्थन करणाऱ्यांनाही या प्रश्नांना सामोरे जावे लागेल. निंदा करणाऱ्यांनी मात्र न विचारता लादलेली दुसरी बायको ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या खपवून घेतली, त्याच समाजाला विचारून मांडलेले नाते इतके का खुपते, याचे उत्तर आधी द्यायला हवे.