प्ररोचना आणि प्रतारणा : 'ब्रूटल लेजंड'च्या जाहिरातीविषयी

संस्कृत नाट्यशास्त्रात 'प्ररोचना' अशी एक संज्ञा आहे. प्रयोगाच्या आरंभी कवीची, काव्याची, जमलेल्या सभेची प्रशंसा करून प्रेक्षकांचे चित्त नाटकाकडे वळवायचे, हे प्ररोचनेचे कार्य. आजच्या भाषेत सांगायचे तर ही जाहिरातच. आणि जाहिरातीत अतिशयोक्ती असायचीच, हे त्या काळच्या प्रेक्षकालाही ठाऊक असणार. मात्र या स्तुतीच्या भरात सूत्रधार एक गोष्ट सहसा लपवत नाही. आपण पाहणार आहोत ते नेमके काय आहे, हे तो सांगून टाकतो. 'मृच्छकटिका'चा सूत्रधार आपण 'प्रकरण' सादर करीत आहोत असे म्हणतो, आणि त्या एका शब्दासरशी राजाराणीच्या ख्यात कथेची अपेक्षा प्रेक्षकाच्या मनातून गळून पडते. आपल्याकडे १८८२ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकाच्या नावातच 'संगीत सौभद्र' असे स्पष्ट लिहिलेले होते. तिकीट काढणाऱ्याला पदे ऐकावी लागतील, याची आगाऊ सूचना त्यात होती.

हे सारे आठवण्याचे निमित्त थोडे अवचित आहे. एम.ए.च्या वर्गात आस्वादलक्ष्यी समीक्षेवर चर्चा चालू असताना एका विद्यार्थ्याने विचारले, "मॅडम, याऊसची ही मांडणी व्हिडिओ गेमला लागू होईल का?" मी नेहमीप्रमाणे "उदाहरण द्या" म्हणून प्रश्न परतवला. पुढल्या आठवड्यात तो उदाहरण घेऊन आला, लॅपटॉपसकट. ते उदाहरण म्हणजे 'ब्रूटल लेजंड' हा २००९ सालचा अमेरिकन खेळ. माझी बोटे असल्या खेळांना सरावलेली नाहीत, त्यामुळे तो खेळला आणि मी शेजारी बसून पाहिले. (मूळ रोमन नावात 'यू'वर दोन टिंबे आहेत. हेवी मेटल बँडांच्या नावांवर अशी टिंबे देण्याची प्रथा आहे. उच्चाराशी त्यांचा संबंध नसतो, ती केवळ दरारा वाटावा म्हणून असतात. देवनागरीत ती उतरत नाहीत. दरारा लिपीबरोबरच गळतो, ही गंमत ध्वनिशास्त्राच्या अध्यापकांनी जरूर वापरावी.)

खेळाचे कर्ते टिम शाफर. 'ग्रिम फँडँगो' (१९९८) आणि 'सायकोनॉट्स' (२००५) या खेळांमुळे ते समीक्षकांचे लाडके झालेले होते. मात्र 'सायकोनॉट्स'ला जेवढी स्तुती लाभली तेवढे ग्राहक लाभले नाहीत. 'ब्रूटल लेजंड'चा नायक एडी रिग्ज हा गायक नाही, वादकही नाही. तो 'रोडी' आहे, म्हणजे बँडबरोबर गावोगाव हिंडून रंगमंच उभारणारा, वाद्ये जुळवून देणारा बॅकस्टेज कामगार. त्याचे नाव आयर्न मेडन या बँडच्या आवरणचित्रांवरील 'एडी' या आकृतीवरून आणि तिचा चित्रकार डेरेक रिग्ज याच्यावरून घेतलेले आहे. नायकाचे नाव गायकाऐवजी आवरणचित्रकाराच्या ऋणातून यावे, यातच या कृतीची दृष्टी कळते. एडी ज्या बँडकडे चाकरीला आहे तो बँड मेटलचा नुसता आव आणतो. बाजारात खपेल ते वाजवतो. एका अपघातानंतर एडी एका प्राचीन जगात जाऊन पडतो. तेथील डोंगरदऱ्या मेटलच्या ध्वनिमुद्रिकांची आवरणे जिवंत व्हावीत तशा आहेत. त्याच्या वाटेत येणारा एक शत्रू, जनरल लायनव्हाइट, हा ऐंशीच्या दशकातील केस फुगवलेल्या, चकचकीत, दूरचित्रवाणीला सोयीच्या अशा 'ग्लॅम मेटल'चे उघड विडंबन आहे. विक्रीसाठी बेगडी झालेल्या कलेवर या कृतीचा राग आहे, आणि तो ती हसतहसत व्यक्त करते.

असा हा खेळ विकला कसा गेला, ती कथा स्वतंत्रपणे सांगण्याजोगी आहे.

त्याची घोषणा २००७ साली झाली. त्या वेळी प्रकाशक व्हिवेंडीची खेळशाखा होती. २००८ मध्ये तिचे अ‍ॅक्टिव्हिजनमध्ये विलीनीकरण झाले, आणि नव्या धन्यांनी ज्या खेळांवरील हक्क सोडून दिला त्यांत 'ब्रूटल लेजंड'ही होता. वर्षअखेरीस इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने तो स्वीकारला. पुढे जून २००९ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनने लॉस एंजेलिसच्या न्यायालयात दावा लावून प्रकाशन रोखण्याची मागणी केली. आपण या खेळात दीड कोटी डॉलर गुंतवले आहेत, असा तिचा दावा होता. ऑगस्टमध्ये तडजोड झाली. टाकून दिलेल्या मुलाला दुसऱ्याने दत्तक घेतल्यावर पहिल्या घराला पान्हा फुटावा, तसाच हा प्रकार. परंतु त्यामुळे खेळाची चर्चा मात्र भरपूर झाली. कोणत्याही जाहिरातदाराला विकत घेता आली नसती इतकी.

विकत घेतलेली जाहिरातही कमी नव्हती. नायकाला जॅक ब्लॅक या लोकप्रिय विनोदी नटाचा आवाज होता. ओझी ऑझबोर्न, लेमी किलमिस्टर, रॉब हॅलफर्ड, लिटा फोर्ड ही मेटलची खरीखुरी माणसे खेळात पात्रे होऊन आली होती. शंभरावर गाणी निवडलेली होती. प्रकाशनाचा दिवस १३ ऑक्टोबर ठेवून त्या महिन्याच्या नावावर 'रॉक्टोबर' अशी कोटी करण्यात आली. ट्रेलरमध्ये दिसे ते एवढेच : हातात कुऱ्हाड आणि गिटार, खाली धगधगती मोटार, समोर राक्षस. सप्टेंबरमध्ये जो डेमो मोफत दिला गेला त्यातही खेळाचा हाच आरंभीचा, हाणामारीचा भाग होता.

प्रत्यक्षात काही तास खेळल्यानंतर कृतीचे रूप बदलते. एडीला पंख फुटतात, तो रणभूमीवर घिरट्या घालू लागतो. खाली दोन टोकांना दोन रंगमंच, आणि मध्ये सैन्ये. आता स्वतः मारामारी करीत सुटण्यापेक्षा फौजा उभ्या करणे, त्यांना आज्ञा देणे, साधनसंपत्ती राखणे हे महत्त्वाचे ठरते. खेळांच्या जगात याला 'रिअल-टाइम स्ट्रॅटेजी' म्हणतात. हा एक स्वतंत्र प्रकार आहे. त्याचा रसिकवर्ग निराळा, आणि त्याला कंटाळणारा वर्गही मोठा. शाफर यांनी नंतर सांगितले आहे की खेळाची मूळ कल्पनाच ही होती, १९८९ सालच्या 'हेर्टसोक त्स्वाय' या जुन्या खेळावरून सुचलेली. आणि या प्रकाराचे नाव जाहिरातीत उच्चारू नये, असे प्रकाशकांचे सांगणे होते. काही पत्रकारांनी प्रकाशनापूर्वी या लढायांविषयी लिहिले होते, हे नमूद केले पाहिजे. पण ट्रेलर पाहून दुकानात जाणारा गिऱ्हाईक ते वाचून जात नाही.

आता या कथेतला सर्वांत बोचरा भाग. त्या लपवलेल्या लढायांत 'साधनसंपत्ती' म्हणजे काय असते? सोने नव्हे, धान्य नव्हे. श्रोते! जमिनीतून ठिकठिकाणी चाहत्यांच्या आत्म्यांचे कारंजे उसळत असते, आणि त्या कारंज्यावर बँडच्या टी-शर्टांचा असतो तसा विक्रीचा स्टॉल उभारला की चाहते आपल्या बाजूला येतात. ज्याच्याकडे चाहते अधिक त्याचे सैन्य मोठे. म्हणजे जाहिरात, विक्री आणि श्रोत्यांची निष्ठा यांचे नातेच या भागाचा विषय आहे. रंगमंच राखणे आणि दुसऱ्यांना उभे करणे हे 'रोडी'चे काम येथेच खेळाच्या रूपात उतरते. कुऱ्हाडीच्या हाणामारीत ते कुठेच नाही. नायक पडद्यामागचा माणूस का आहे, या प्रश्नाचे उत्तर ज्या भागात आहे तोच भाग जाहिरातीने पडद्यामागे ठेवला. विक्रीचे विडंबन करणाऱ्या कृतीची विक्री, तिच्यातला विक्रीविषयीचा अंश झाकून झाली. एखाद्या कादंबरीकाराने हे रचले असते तर आपण त्याला 'फारच जुळवून आणलेले' म्हटले असते.

समीक्षा बहुतांशी अनुकूल आल्या. तक्रारीचा सूर मात्र पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी लागला : या लढाया मध्येच कोठून आल्या? अमेरिकेत पहिल्या महिन्यात सुमारे २ लाख १५ हजार प्रती गेल्या. एवढ्या गाजावाजाच्या मानाने हा आकडा फिकाच. पुढल्या भागाची जुळवाजुळव सुरू झाली होती, ती प्रकाशकाने थांबवली.

हान्स रोबर्ट याऊस यांनी १९६७ मध्ये कोन्स्टान्त्स येथील व्याख्यानात जी 'अपेक्षांच्या क्षितिजा'ची कल्पना मांडली ती आपण वर्गात बहुधा साहित्येतिहासापुरतीच शिकवतो. वाचक कोऱ्या मनाने कृतीकडे येत नाही. पूर्वी वाचलेल्या कृतींनी आणि प्रकाराच्या परिचयाने त्याच्या अपेक्षा घडलेल्या असतात, आणि श्रेष्ठ कृती अनेकदा त्या क्षितिजाला धक्का देते, असे ते प्रतिपादन. मग माझ्या विद्यार्थ्याचा पुढचा प्रश्न साहजिकच होता. "मॅडम, मग हा अपेक्षाभंग चांगलाच नाही का?"

प्रश्न टाळण्याजोगा नाही. कर्त्याच्या बाजूने बरेच बोलता येईल. 'स्ट्रॅटेजी' हा शब्द पाहताच निम्मे लोक पाठ फिरवणार, ही भीती निराधार नव्हती. आणि कृतीतले आश्चर्य राखून ठेवण्याचा अधिकार कर्त्याला असतोच. पण माझ्या मते येथे दोन गोष्टींची गल्लत होते. कथानक लपवणे वेगळे आणि प्रकार लपवणे वेगळे. रहस्यकथेत खुनी कोण ते सांगायचे नाही, हे रास्त. पण ती रहस्यकथा आहे हे वाचकाला ठाऊक असावे लागते, कारण कसे वाचायचे हे त्यावरून ठरते. वाङ्मयप्रकाराचे नाव म्हणजे डब्यावरची चिठ्ठी नव्हे. कोणत्या गोष्टीकडे लक्ष द्यायचे आणि कशाबाबत धीर धरायचा, याचा तो वाचकाशी केलेला करार असतो. याऊसला अभिप्रेत असलेला धक्का कृती देते. येथे अपेक्षा घडवली ती कृतीने नव्हे, विक्री विभागाने. आणि ती मोडण्याचा दोष मात्र कृतीच्या माथी आला. हाणामारीची वाट पाहणाऱ्याला ती रणभूमी म्हणजे व्यत्यय वाटली. ज्याला तीच आवडली असती, तो बहुधा ट्रेलर पाहूनच दूर राहिला असावा.

आपल्याकडे हे घडत नाही असे नाही. वैचारिक निबंधांचा संग्रह 'ललित' म्हणून येतो, सैल आत्मकथन 'कादंबरी' म्हणून, आणि मलपृष्ठावर वर्षानुवर्षे 'मैलाचा दगड' रोवले जातात. मीही एका मित्राच्या पुस्तकासाठी असा मजकूर लिहिलेला आहे. त्यात मी जे म्हटले नाही, ते मी म्हणायला हवे होते : हे पुस्तक सावकाश वाचावे लागेल, आणि पहिली साठ पाने कोरडी आहेत. मित्र रागावला असता. पण पुस्तक तिसाव्या पानावर मिटवून ठेवणारे काही वाचक तरी कमी झाले असते.

प्रकाराचे नाव सांगितले तर माणसे पळतात, या समजुतीला शाफर यांच्याच पुढील कारकिर्दीने दिलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते. पुढला भाग रद्द झाल्यावर त्यांची डबल फाइन ही संस्था 'कॉस्च्यूम क्वेस्ट' (२०१०), 'स्टॅकिंग' (२०११) अशा लहान खेळांकडे वळली. मग फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर थेट लोकांकडे पैसे मागितले. त्या वेळी हातात काय होते? कथानक नव्हते, पात्रे नव्हती, शीर्षकही नव्हते. प्रकल्पाचे नाव नुसते 'डबल फाइन अ‍ॅडव्हेंचर', म्हणजे संस्थेचे नाव आणि प्रकाराचे नाव. प्रकाशकांनी कालबाह्य ठरवलेला जुन्या धाटणीचा साहसखेळ करणार, एवढेच वचन. मागितले होते ४ लाख डॉलर. सुमारे ८७ हजार लोकांनी मिळून ३३ लाखांहून अधिक दिले. पुढे त्यातून 'ब्रोकन एज' झाला, तो दोन भागांत आणि उशिराने आला, त्यावरही कुरबूर झाली. परंतु हा आपण समजलो त्या प्रकारचा खेळच नव्हे, अशी तक्रार मुख्य नव्हती.

'ब्रूटल लेजंड'ची संगणकावरील आवृत्ती २०१३ मध्ये आली. माझ्या विद्यार्थ्याकडे होती ती हीच. खेळातील लेमी २०१५ मध्ये गेले, ओझी जुलै २०२५ मध्ये. आता त्या जाहिरातीचे वारेही उरलेले नाही, आणि कदाचित म्हणूनच खेळ अधिक स्वच्छ दिसतो. विद्यार्थ्याने पहिल्या फेरीत ती रणभूमी कशीबशी ओलांडली होती, चिडून, स्वतःच कुऱ्हाड घेऊन खाली उतरत. मी त्याला प्ररोचनेविषयी सांगितले, 'प्रकरण' या शब्दाविषयी सांगितले. काही दिवसांनी त्याने खेळ पुन्हा आरंभापासून घेतला. या खेपेस पंख फुटल्यावर तो घाईने खाली उतरला नाही. वरूनच सारे मैदान न्याहाळले, सर्वांत जवळचे कारंजे शोधले, आणि आधी त्यावर टी-शर्टांचा स्टॉल उभारला.