एकशे वीस तास

मे महिन्यातली दुपार. लाइट गेलेली, कॉम्प्युटर बंद आणि मी जुन्या अंकाच्या पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेलो. दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. एम.ए. मराठीच्या पहिल्या वर्षाची. प्लास्टिकच्या फोल्डरमधून तिनं कॉलेजचा छापील फॉर्म काढून टेबलावर ठेवला.

"काका, तुम्हाला काही करावं लागत नाही. निस्ता सही-शिक्का पाहिजे."

राज्यात २०२३-२४ पासून पदव्युत्तर वर्गांना नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. त्यात दुसऱ्या सत्राचे चार क्रेडिट 'ऑन जॉब ट्रेनिंग'ला, नाहीतर क्षेत्रप्रकल्पाला आहेत. एका क्रेडिटचे तीस तास. म्हणजे विद्यार्थ्यानं एकशे वीस तास कुठंतरी जाऊन खरं काम करायचं. पुण्या-मुंबईत त्यासाठी कंपन्या आहेत, प्रकाशनं आहेत, वर्तमानपत्रांची ऑफिसं आहेत. आमच्या जानेफळात काय आहे? आडत दुकानं, कृषी सेवा केंद्रं, पतसंस्था, दवाखाने, ग्रामपंचायत आणि वर्षातून एकदा अंक काढणारे आम्ही. मग पोरं शिक्के गोळा करत फिरतात. आदल्या वर्षी दोघं आले होते. त्यांना मी काही न विचारता शिक्का मारून दिला, वर चहा पाजला. तेव्हा पुण्य केल्यासारखं वाटलं होतं.

या वेळी म्हटलं, "शिक्का देतो. पण तास भरून दे."

तिचा चेहरा उतरला. पण दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या एस.टी.नं ती आली.

पहिले चार दिवस श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये आणताना मोडलेली जोडाक्षरं सरळ करण्यात गेले. रफार उडालेले, 'क्ष'च्या जागी चौकोन. मग 'कि' आणि 'की'. मग शुभेच्छांच्या जाहिराती. त्यातल्या एका सराफाच्या मोबाइल नंबरात आकडे नऊच होते. तीन अंक तो तसाच छापत आलो होतो आणि सराफानंही कधी तक्रार केली नव्हती, ही गोष्ट वेगळी.

खरी गंमत ना. घ. देशपांड्यांवरच्या लेखात झाली. आपल्या मेहकरचे कवी. कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वकिली थाटली ती मेहकरातच. लेखकानं 'शीळ' हा संग्रह १९३०च्या दशकात आल्याचं लिहिलं होतं. माझ्या नजरेला ते खटकलं नाही. पोरीनं अर्धा दिवस घालवून शोधलं की त्या दशकात आली ती गाण्याची ध्वनिमुद्रिका, जी. एन. जोशींनी गायलेली, संग्रह १९५४चा. दोन्हींत वीसेक वर्षांचं अंतर. ती मला म्हणाली, "लोकायनं आधी ऐकलं, मग वाचलं." लेखाचं शीर्षक तिथंच बदललं.

एम.ए. मराठी करून काय करणार, असं तिला घरचे विचारतात, शेजारचे विचारतात, मीही विचारलं होतं. उत्तरं नेहमीची. नेट-सेट आणि मग तासिका तत्त्वावर मिळतील तेवढे तास. नाहीतर पुण्यात कॉट बेसिसवर राहून एमपीएससी. या वाटा वाईट नाहीत. नेटमध्ये जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली, तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार मिळतात, हे पुष्कळांच्या घरी माहीतही नसतं. पण एका दारावर सगळ्या जिल्ह्यानं उभं राहायचं म्हटल्यावर रांग लांबणारच. दुसरीकडे भाषेची कामं पडली आहेत. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेनं मिळून मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण हाती घेतलं. अशा कामाला गावोगाव फिरून बोलणं टिपणारी माणसं लागतात. रिद्धपूरला, म्हणजे आपल्याच विभागात, मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी अभिजात ठरली. अभिजात दर्जानं कुणाची चूल पेटत नाही, हे मान्य. पण पुढं जे काही काम निघेल, ते शुद्ध मजकूर हातावेगळा करणाऱ्याला आधी मिळेल.

आधी काम, मग पुढची वाट असं म्हटलं की लोणार तालुक्यातल्या पिंपरी खंदारेचे राजू केंद्रे आठवतात. पदवी मुक्त विद्यापीठाची आणि ती घेताना मुक्काम मेळघाटात, कामावर. पुढं २०२१ मध्ये ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती घेऊन ते लंडनच्या सोआस विद्यापीठात गेले. त्याआधीच उभ्या केलेल्या 'एकलव्य' या संस्थेतून ते घरातल्या पहिल्या पदवीधरांना मोठ्या संस्थांच्या प्रवेशाची वाट दाखवतात. त्यांच्या कहाणीत आपल्याकडचे लोक 'लंडन' हा शब्द मोठ्यानं उच्चारतात. मला त्यातलं मेळघाट जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथल्या तासांवर शिक्का कुणी मारला नव्हता.

आणि लोणार म्हटलं की सरोवर आलंच. बेसाल्टमध्ये उल्काघातानं पडलेलं पावणेदोन-दोन किलोमीटर व्यासाचं विवर, २०२० पासून रामसर स्थळ. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेनं नमुने तपासून मीठप्रेमी सूक्ष्मजीव शोधून काढले. जगभरचे संशोधक तिथं येतात. आपली विज्ञानाची मुलं तिथं सहलीला जातात आणि फॉर्मवर शिक्का मात्र मावसभावाच्या मोबाइल शॉपीचा असतो.

एवढं लांब तरी कशाला जायचं? गेल्या हंगामात सोयाबीन ओलं म्हणून परत आणलेले शेतकरी या रस्त्यानं मी पाहिले आहेत. हमीभावाच्या खरेदीला ओलाव्याची अट १२ टक्क्यांची. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्रानं ती १५ पर्यंत सैल केली. ओलावा मोजायचं यंत्र कसं चालतं, वेगवेगळ्या काट्यांवर आकडा वेगळा का येतो, हे रसायनशास्त्राच्या मुलानं महिनाभर आडतीवर बसून लिहून काढलं, तर प्रकल्पही होईल आणि दोन-चार शेतकऱ्यांचा हेलपाटाही वाचेल. एका आडत्याला विचारलं. तो आधी हसला, मग म्हणाला, "पाठवा. पण पोरगं मोबाइलमधी डोकं घालून बसनारं नको."

असं विचारत विचारत विद्यार्थी घ्यायला तयार असलेले सात जण झाले. त्यात एक पतसंस्था आहे, एक पशुवैद्यक आहेत, औषध दुकान आहे. कुणाकडं कोणत्या विषयाचा विद्यार्थी चालेल, ते या अंकाच्या मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला छापलं आहे. ती जागा जाहिरातीची होती. खजिनदार अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

मुलीचे तास भरले एकशे चौतीस. फॉर्मवर रकाना एकशे वीसचाच. शिक्का शोधला तर पॅड वाळलेलं, त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले. उमटला तेव्हा दिसलं की त्यावर आमचा बंद पडलेला लँडलाइन नंबर आहे. "काका, हेही प्रूफमधी धरायचं का?" तिनं विचारलं.

जूननंतरही ती येत राहिली. आता वावरातले शब्द वहीत उतरवते आहे: पऱ्हाटी, डवरा, धुरा, सुडी. दुसऱ्या वर्षाच्या संशोधन प्रकल्पाला तोच विषय घेतला आहे. सोयाबीन काढणीच्या दिवसांत तिची वही भरली आणि आमची प्रूफं थोडी मागं पडली. शेवटचा सोळा पानांचा फर्मा तर तिची परीक्षा चालू असताना छापायला गेला. त्यातल्या चुका माझ्या आहेत.