कुरणांतली शाळा

श्रावणांतील एका रविवारीं आमच्या एकत्र कुटुंबांतलीं व शेजारचीं मिळून नऊ मुलें सोमाटण्याच्या चौराईच्या डोंगराकडे निघालीं. वाट दाखवावयास गांवांतील पन्नाशी उलटलेले एक शेतकरी होते. टिटवी ओरडूं लागली कीं पाऊल जपून टाकावें, कारण तिचीं अंडीं उघड्या जमिनीवरच असतात. सुगरणीचें घरटें विणतो तो नर. टाकळ्याचीं पानें सायंकाळीं मिटतात. असें शिक्षण चालतां चालतां होत होतें. विज्ञानांत पैकीच्या पैकी गुण मिळविणारा आमचा नातू टाकळा ताटांत ओळखतो, बांधावर ओळखीत नाहीं, हेंहि त्या दिवशीं उघडकीस आलें.

आतां एक गोष्ट वाचकांस सांगितल्यावांचून राहवत नाहीं. हे गृहस्थ माझेच विद्यार्थी. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं ते गुरें रानांत पोंचवून शाळेंत येत, म्हणून त्यांस रोज उशीर होई, आणि मी त्यांस रोज वर्गाबाहेर उभें करीत असें. एके दिवशीं सर्वांदेखत मी म्हणालों, "तूं गुरेंच राख." त्यानंतर ते शाळेंत आले नाहींत. भागवताच्या एकादश स्कंधांतील अवधूताचें आख्यान मी वर्गांत मोठ्या रसाळपणें सांगत असें. पृथ्वी, समुद्र, मधमाशी अशा त्याच्या चोवीस गुरूंत बाण घडविणारा एक कारागीरहि आहे. परंतु गुराखी मुलाजवळ शिकण्यासारखें कांहीं असेल, हें मला सुचलें नाहीं.

वस्तुतः ह्या प्रश्नाचें उत्तर महाराष्ट्रांत त्याआधींच सिद्ध झालें होतें. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल-शिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. १९५७ सालीं तें कार्य डहाणू तालुक्यांतील कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथील आदिवासी मुलें गुरें राखावयास जात, शाळेंत येऊं शकत नसत. तेव्हां मुलांस दोष न देतां ह्या बायांनीं शाळाच कुरणांत नेली. कुरणशाळा ती हीच. शिकविण्यास दगड, पानें व बिया तेथें विपुल होत्याच.

एकत्र कुटुंबांत मूल आईबापांइतकेंच आजी, काका, आत्या यांजकडूनहि शिकतें, हा आपला अनुभव आहे. पण घराची ओसरी संपते तेथें आपली शिक्षकांची मोजदादहि संपते. गुराखी, माळी, कोळी यांचीहि गणना तींत व्हावी. आणि त्यांचीं मुलें आपल्या मुलांबरोबर चालावीं. एरवीं ती केवळ सहल होईल, सोबत होणार नाहीं.

डोंगर उतरतांना मीं त्या गृहस्थांची क्षमा मागितली. ते क्षणभर थांबले व म्हणाले, "गुरुजी, पोरांना दर रविवारीं धाडा. उशीर झाला तरी चालंल."