आई, ही लस कशाची?

मागल्या महिन्यात एका तालुक्याच्या गावाहून वाचक-भगिनीचं पत्र आलं. एरवी पत्रं येतात ती लोणच्यावर बुरशी का धरते, रेशमी साडीवरचा तेलाचा डाग कसा काढावा, अशी. हे पत्र मात्र तीन पानी, आणि शेवटी अधोरेखित करून ‘कृपया नाव छापू नये’ असं लिहिलेलं. मुलगी बारा वर्षांची, सातवीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिला गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची लस देऊन घ्या. घरी येऊन सांगितलं तर सासूबाईंनी विचारलं, ‘एवढ्याशा पोरीला असली लस? आणि उद्या मूलबाळ झालं नाही तर?’ यजमान ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणून मोकळे झाले. आणि मुलगी रोज विचारते, ‘आई, ही लस कशाची?’ तिला काय सांगू, असा ह्या बाईंचा प्रश्न आहे.

दोन ओळींत उत्तर देता आलं असतं. पण पत्र वाचलं आणि मला माझी थोरली मावशी आठवली. पन्नाशी उलटलेली, पाळी जाऊन दोन वर्षं झालेली, आणि मधूनच अंगावरून लाल जायचं. ‘उरलंसुरलं जातंय’ म्हणून तिने वर्षभर अंगावर काढलं. डॉक्टरकडे नेलं तेही कंबर दुखते म्हणून. तेव्हा फार उशीर झाला होता. ती गेल्यावरसुद्धा घरात कुणी त्या दुखण्याचं नाव घेतलं नाही. ‘पोटाचं काहीतरी होतं,’ एवढंच. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. कुणाला उघडं वाटलं तर माफ करा, पण ह्या विषयात आडपडदा ठेवून आपण फार बायका गमावल्या आहेत. २०२२ सालच्या अंदाजानुसार आपल्या देशात एका वर्षात सव्वा लाखाहून अधिक बायकांना हा कर्करोग झाला आणि ऐंशी हजारांच्या आसपास दगावल्या.

आता गंमत अशी, की हा कर्करोग बहुतेक सगळ्या बाबतींत एका विषाणूमुळे होतो. हे शोधून काढलं जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठात. हाराल्ड त्सूर हाउझेन नावाचे शास्त्रज्ञ. त्या काळी बाकीचे संशोधक भलत्याच विषाणूवर संशय घेत होते आणि हे एकटे म्हणत होते, चामखीळ ज्या घराण्यातल्या विषाणूमुळे उठते ना, त्याच घराण्यातला कुणीतरी हा उद्योग करतोय. लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. १९८३ आणि १९८४ साली त्यांच्या चमूने कर्करोगाच्या गाठींतूनच त्या घराण्याचे दोन विषाणू वेगळे काढून दाखवले. घराण्याचं नाव एचपीव्ही, आणि ह्या दोघांचे क्रमांक १६ आणि १८. गर्भाशयमुखाच्या दहा कर्करोगांपैकी सात ह्या दोघांमुळे होतात. त्सूर हाउझेन ह्यांना २००८ साली नोबेल मिळालं. २०२३ साली ते वारले.

विषाणू शरीरसंबंधातून येतो. इथे कान जरा इकडे करा. ‘मी तशी नाही, मला कसा होईल?’ हे मी चांगल्या शिकल्यासवरल्या बायकांच्या तोंडून ऐकलंय. तशी-अशीचा प्रश्नच नाही हो! हा विषाणू सर्दीपडशासारखा सर्रास असतो. संसारी माणसांपैकी पुष्कळांना आयुष्यात केव्हा ना केव्हा होऊन जातो आणि पत्ताही लागत नाही. बहुतेकींच्या शरीरातून वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्याजणींत मात्र ठाण मांडून बसतो, आणि दहा-पंधरा किंवा त्याहूनही जास्त वर्षांनी तिथल्या पेशी बिघडत बिघडत कर्करोग होतो. तेव्हा आज सापडलेल्या दोषावरून कुणाच्या वागण्याचा हिशेब मांडू नका. बायकोचाही नको आणि नवऱ्याचाही नको.

विषाणू सापडला, पण लस कशी करणार? हा प्रयोगशाळेत सहजी वाढत नाही, आणि त्याच्या पोटातला ऐवजच कर्करोगाला कारण, तेव्हा तो कुणाच्या अंगात टोचणार? ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात इयन फ्रेझर आणि चीनहून आलेले ज्यान झोउ ह्यांनी १९९१ साली ह्यावर तोड काढली. झोउंची पत्नी श्याव-यी सुन हीसुद्धा त्याच प्रयोगशाळेत कामाला होती. त्यांनी विषाणूचं फक्त बाहेरचं कवच तयार केलं. सारण न भरता मिटलेली करंजी असते ना, तस्सं. बाहेरून हुबेहूब विषाणू, आत काही नाही. शरीर ते कवच पाहून ओळख पटवून ठेवतं, आणि पुढे खरा विषाणू आला की दारातच अडवतं. आत सारणच नसल्यामुळे लसीने रोग होण्याचा प्रश्न येत नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये ब्रिस्बेनला पहिली लस टोचली गेली. झोउ मात्र ते पाहायला नव्हते, १९९९ सालीच बेचाळिसाव्या वर्षी गेले.

ही झाली जुनी हकिगत. नवी बातमी ती पुढेच आहे. लस निघाली खरी, पण कर्करोग व्हायलाच पंधरा वर्षं लागतात, तेव्हा ती खरोखर कर्करोग टाळते की नाही हे कळायलाही तेवढाच काळ जावा लागला. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०२१ साली इंग्लंडमधला हिशेब मांडला. बारा-तेराव्या वर्षी ज्या मुलींना लस देऊ केली गेली, त्यांच्यात हा कर्करोग ८७ टक्क्यांनी घटला. चौदा ते सोळा वर्षांच्या मुलींत ६२ टक्के. आणि सोळा ते अठरातल्या मुलींत फक्त ३४. पाहिलंत? लस तीच, मुली त्याच देशातल्या, पण चार-पाच वर्षांच्या उशिराने केवढा फरक! कारण आधीच शिरलेल्या विषाणूला ही लस हुसकून लावू शकत नाही. ‘लग्नाच्या आधी बघू’ असं जे आपण म्हणतो, ते इथे चालत नाही.

स्कॉटलंडची बातमी तर त्याहून सरस. तिथे २००८ पासून शाळेतच लस देतात. एडिंबरा आणि स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठांच्या संशोधकांनी तिथल्या आरोग्यखात्याबरोबर केलेली पाहणी २०२४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाली. बारा-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या मुलींत हा कर्करोग किती जणींना झाला? एकीलाही नाही. ह्या मुली पाहणीच्या वेळी अजून तरुणच होत्या हे खरं, पुढची वर्षं पाहायला हवीत. पण त्याच वयात लस न घेतलेल्यांत रोग दिसत होता, ह्यांच्यात नव्हता.

आता सासूबाईंच्या शंकेकडे येते. ती हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडे २००९-१० साली आंध्रात आणि गुजरातेत ही लस हजारो मुलींना दिली, तेव्हा त्यांतल्या सात मुली पुढे मरण पावल्या आणि मोठा गहजब झाला. चौकशीत ते मृत्यू लसीने झाल्याचं आढळलं नाही. सर्पदंश, बुडणं, विषबाधा अशी कारणं निघाली. पण आईबापांची रीतसर संमती न घेता वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्यांवर भागवलं होतं, हा दोष खरा होता आणि त्यावर टीका झाली ती योग्यच झाली. मुलीच्या आईला न विचारता तिला काही टोचणं, हे मला तरी पटायचं नाही.

ह्या गोंधळात देशातल्या दुसऱ्या एका अभ्यासातलं लसीकरणही थांबलं. त्यात पुणे आणि बार्शीच्याही मुली होत्या. कुणाला तीन डोस मिळाले, कुणाला दोन, कुणाला एकच मिळून काम बंद पडलं. संशोधकांनी मुलींचा पाठपुरावा मात्र सोडला नाही. दहा वर्षांनी, २०२१ साली पाहिलं तर एकच डोस मिळालेल्या मुलींनासुद्धा त्या १६ आणि १८ क्रमांकांपासून ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण होतं! जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली नऊ ते वीस वर्षांच्या मुलींना एक डोसही चालेल असं म्हटलं, त्यात आपल्या ह्या मुलींचा मोठा वाटा आहे.

मूल न होण्याबद्दल म्हणाल, तर जगात ह्या लसीचे कोट्यवधी डोस दिले गेले आणि तिने वांझपण आल्याचा पुरावा मिळालेला नाही. उलट हा कर्करोग झाला तर पुष्कळदा गर्भाशयच काढावं लागतं. सासूबाईंना हे सांगून पाहा. दंड दुखणं, कणकण येणं, एखादीला चक्कर येणं हे होतं, म्हणून टोचल्यावर पंधरा मिनिटं तिथेच बसवून ठेवा आणि उपाशीपोटी नेऊ नका.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आपल्याच देशात बनवलेली सर्वाव्हॅक ही लस २०२३ च्या जानेवारीत बाजारात आणली. किती डोस, किती अंतराने, सरकारी दवाखान्यात मिळते का आणि कुठल्या वयाला, हे तुमच्या डॉक्टरांना आणि जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा. हे नियम बदलत असतात, माझ्या कात्रणावर भिस्त ठेवू नका.

मुलीचं झालं. आणि तुमचं काय? पत्र लिहिणाऱ्या बाईंनी स्वतःबद्दल तीन पानांत एक अक्षर लिहिलं नव्हतं. आपलं असंच असतं. मुलांचं, यजमानांचं, सासूबाईंच्या मोतीबिंदूचं, आणि मग वेळ उरला तर आपलं. २०१९ ते २१ मध्ये सरकारने देशभर केलेल्या पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी ही तपासणी कधीतरी केलेल्या निघाल्या अवघ्या १.९ टक्के. शंभरांत दोघीसुद्धा नाहीत!

आणि तपासणी किती साधी, ते ऐका. चायनीज करायला आणतो त्या व्हिनेगरमध्ये जे आम्ल असतं, तेच पाण्यात साधारण चार टक्के मिसळून कापसाच्या बोळ्याने गर्भाशयाच्या मुखाला लावतात आणि मिनिटभर थांबतात. पेशी बिघडलेल्या असतील तर तेवढीच जागा पांढरी पडते. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायकांचा अभ्यास केला. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, तर दहावी शिकलेल्या आणि महिनाभर शिक्षण दिलेल्या साध्या बायका होत्या. दर दोन वर्षांनी तपासणी, अशा चार फेऱ्या. बारा वर्षांनी हिशेब केला तेव्हा तपासलेल्या गटात ह्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी भरले. देशभर असं केलं तर वर्षाला बावीस हजार जीव वाचतील, असा त्यांचा अंदाज. तुलनेसाठीच्या दुसऱ्या गटातल्या बायकांना तपासणी न देता नुसती माहितीच दिली, ह्यावर पुढे टीका झाली. मलाही ते टोचलं. पण निष्कर्ष आपल्या उपयोगाचा आहे, तो घेऊ या.

दुसरा अभ्यास उस्मानाबाद जिल्ह्यातला, म्हणजे आताचा धाराशिव. टाटा आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लाख एकतीस हजार बायका घेतल्या. आयुष्यात एकदाच एचपीव्ही विषाणूची चाचणी केली, दोष निघाला त्यांच्यावर उपचार केले, तर आठ वर्षांत त्या गटातले मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ साली हे अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि जगभर गाजलं. आपल्या मराठवाड्यातल्या शेतकरणींमुळे जगाला हे कळलं, हे मला फार विशेष वाटतं.

एक मात्र ठासून सांगते. व्हिनेगर म्हटलं म्हणून बाटली घेऊन न्हाणीघरात काही प्रयोग करायला जाऊ नका. जागा दिसल्याशिवाय त्याचा काही उपयोग नाही, उलट भाजेल.

तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येकीने पाच वर्षांतून एकदा तपासून घ्यावं, असं सरकारचं २०१६ सालचं धोरण आहे. पॅप किंवा एचपीव्ही चाचणी परवडत असेल तर ती करा. लस घेतलेल्यांनीही पुढे तपासणी चुकवायची नाही, कारण लस सगळ्या क्रमांकांवर चालत नाही. दोष सापडला म्हणजे कर्करोग झाला असं नव्हे. तेवढा भाग गोठवून किंवा शेक देऊन नाहीसा करतात आणि पुष्कळदा त्याच दिवशी घरी सोडतात. पण दोन पाळ्यांच्या मध्ये, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं, घाण वासाचं पाणी जाऊ लागलं, तर पाच वर्षांचा हिशेब न करता त्याच आठवड्यात जायचं.

आणि मुलीला काय सांगायचं? बारा वर्षांच्या मुलीला एवढं पुरे: ‘बाळ ज्या पिशवीत वाढतं, तिच्या तोंडाशी मोठेपणी एक आजार होतो. तो होऊ नये म्हणून ही लस.’ पुढे विचारलं तर पुढचं सांगा.

पाळी संपल्यावर आठवड्याने वेळ घ्या, आधीचे दोन दिवस आतून कुठलंही औषध लावू नका, आणि तपासायला बाईच हवी असेल तर फोनवरच तसं विचारून घ्या. मी इतकी वर्षं ह्या सदरात इतरांना सांगत आले आणि स्वतः पहिल्यांदा गेले ती सत्तेचाळिसाव्या वर्षी, तेही धाकट्या जाऊबाईंनी हात धरून नेलं म्हणून. दहा मिनिटं लागली. येताना आम्ही दोघींनी बाजारातून कोथिंबीर घेतली.