23 वस्तू आणि एक साबण

सांगू का, माझ्या नव्या बॅगेवर माझं भयंकर प्रेम होतं. एका खांद्यावरून छातीशी येणारी, मिलिटरी हिरव्या रंगाची ‘टॅक्टिकल’ स्लिंग बॅग! बाहेर नायलॉनच्या पट्ट्यांची जाळी, आत 11 कप्पे, वेल्क्रो, क्लिपा, सगळं एकदम कमांडो स्टाइल. यूट्यूबवर रात्र-रात्र व्हिडिओ बघून मी ती भरली होती. मल्टिटूल, पॅराकॉर्ड, चकमक, शिट्टी, काच फोडायचं टोक असलेलं पेन, रक्तस्राव थांबवायचा टूर्निकेट पट्टा... मोबाइल धरून मोजून 23 वस्तू. आता आमच्या ऑफिसात प्रिंटरमध्ये कागद अडकण्यापलीकडे कुठलंही संकट येत नाही, ही गोष्ट वेगळी.

तर अशी ही बॅग घेऊन मी मे महिन्यात एका मित्राबरोबर ताडोबाला गेलो. म्हटलं, आता हिचं खरं चीज होणार. जंगल आहे, वाघ आहे, अजून काय पाहिजे? पण गेटवर मोबाइल जमा करावा लागला आणि उरलेल्या 22 पैकी एकही वस्तू पूर्ण सफारीत बाहेर निघाली नाही. जिप्सीत बसून चकमक काय पेटवणार?

सफारी संपवून भर दुपारी आम्ही गडचिरोलीकडे निघालो. मित्राचा धाकटा भाऊ तिकडे शोधग्रामला काम करतो, त्याला भेटायचं होतं. चंद्रपूरचा मे म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांनाच कळेल. हवा नाही, भट्टीचा झोत असतो तो. त्यात गाडीच्या एसीनं मान टाकली. मूल गेलं, सावली गेली, व्याहाडच्या पुढे वैनगंगा ओलांडली. गडचिरोली मागे टाकून धानोरा रोडला लागलो आणि मित्र म्हणाला, ‘‘गाडी थांबव रे. गरगरतंय.’’

एका चहाच्या टपरीपाशी थांबलो. तो खाली उतरला, भडाभडा ओकला आणि तिथेच मटकन बसला. चेहरा पांढराफटक, पायात गोळे. सकाळपासून पठ्ठ्यानं दोन कोल्ड्रिंक सोडून काही घेतलं नव्हतं.

मी झटकन बॅग पुढे ओढली. दोन चेनी उघडल्या. आणि माझे हात थांबले. यातलं नक्की काय काढायचं? पॅराकॉर्ड? पट्टा? शिट्टी वाजवू?

टपरीवरचे एक काका माझ्या बॅगेकडे टक लावून बघत होते. ‘‘पोलिसात हाय का जी तुमी?’’ मी ‘नाही’ म्हटलं, पण शरमेनं कान तापले. गडचिरोली पोलिसांची सी-60 ही कमांडो तुकडी 1990 पासूनची आहे. या जिल्ह्यानं खऱ्या बंदुका आणि खरी मरणं पाहिलीत. तिथे मी फॅशन म्हणून मिलिटरी हिरवी बॅग मिरवत होतो. अक्कल म्हणतात ती हीच!

तेवढ्यात बाकावरची एक ताई उठली. खांद्याला साधी, उन्हानं विटलेली कापडी बॅग. त्या भागातली आशा कार्यकर्ती होती ती. तिनं आधी मित्राला सावलीत आडवं करायला लावलं, बूट काढायला लावले, माझा रुमाल भिजवून त्याच्या मानेवर ठेवला आणि टपरीवाल्याला पुठ्ठ्यानं वारा घालायला सांगितलं. मग न बघता बॅगेत हात घालून ओआरएसची पुडी काढली.

‘‘बाटली कितीची हाय?’’

मी माझी झकास स्टीलची बाटली पुढे केली. ‘‘साडेसातशे एमएल.’’

‘‘नाई जी. पुडी एका लिटरची असते. कमी पान्यात नाई टाकत.’’

टपरीवर लिटरची बाटली मिळाली. ती घोट-घोट पाजत राहिली आणि मधूनच त्याला विचारत राहिली: नाव काय, गाव कोणतं, सोबत कोण आलंय? मला वाटलं, गप्पा मारतेय. नंतर कळलं, तो भानावर आहे ना, हे ती तपासत होती. तो असंबद्ध बडबडायला लागला असता किंवा शुद्ध हरपली असती, तर तोंडानं काहीच न देता थेट 108 ला फोन! उष्माघातात वेळ घालवायचा नसतो. नशिबानं तासाभरात साहेबांनी डोळे उघडले आणि चहा मागितला.

मग मी ताईला विचारलं, ‘‘तुमची बॅग बघू का?’’ ती हसली. ‘‘कायले जी? काय हाय त्यात?’’

काय होतं त्यात? सगळ्यात वर साबण. त्याखाली आकडे दाखवणारं घड्याळ, थर्मामीटर, बाळाला झोळीत घालून वजन करायचा काटा, एक छोटं ब्लँकेट, चमचा. बाजूच्या कप्प्यात मलेरिया तपासायचं किट आणि गोळ्या. मागे रजिस्टर. बस्स.

साबण वर का? कारण ओल्या बाळंतिणीच्या घरी गेलं की पहिलं काम हात धुणं. हात न धुता बाळाला हात लावायचा नाही. घड्याळ कशाला? एका मिनिटात बाळाचे श्वास मोजायला. 60 किंवा जास्त भरले, तर धोका. म्हणजे तिची बॅग वस्तूंच्या आकारानुसार लावलेलीच नव्हती. ती कामाच्या क्रमानं लावलेली होती!

संध्याकाळी शोधग्रामला मित्राच्या भावानं या बॅगेची पूर्वकथा सांगितली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग 1986 मध्ये गडचिरोलीत आले, ‘सर्च’चं काम सुरू झालं. दवाखाने लांब आणि नवजात बाळं घरातच दगावायची. म्हणून 1995 नंतर 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवून ‘आरोग्यदूत’ केलं. कशानं बाळं जातात, याचा आधी अभ्यास केला आणि तेवढ्याच गोष्टींची तयारी त्यांच्या हातात आणि बॅगेत दिली. त्यांचा निष्कर्ष 1999 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी घटलं होतं. 2011 मध्ये घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा हा कार्यक्रम देशभरातल्या आशांकडे गेला. दवाखान्यात बाळंतपण झालं, तरी सहा भेटी ठरलेल्या: तिसरा, सातवा, 14वा, 21वा, 28वा आणि 42वा दिवस.

अजून एक गंमत. त्याआधी न्यूमोनियाच्या कामात अशा दाया होत्या, ज्यांना मोठे आकडे मोजता यायचे नाहीत. मग त्यांच्यासाठी मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधन बनवलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात, तर न्यूमोनिया. याला म्हणतात टॅक्टिकल! वापरणाऱ्याला जे जमतं, त्यातून साधन घडवायचं.

घरी आल्यावर मी माझी बॅग पलंगावर उलटी केली आणि गेल्या वर्षभरात माझ्यावर खरोखर कुठली संकटं आली, याची यादी केली. मोबाइलची बॅटरी संपली. डोकं दुखलं. चप्पल चावली. लोकलमध्ये एका बाईंना चक्कर आली. लिफ्ट बंद पडून अंधार झाला. चकमक लागेल असं एकही नाही!

आता बॅग साधी राखाडी आहे. वरच्या कप्प्यात, न बघता हाताला लागतील अशा: छोटा टॉर्च, ओआरएसच्या दोन पुड्या, पट्ट्या आणि गॉज. मधे पॉवरबँक, केबल, माझ्या नेहमीच्या गोळ्या नावासकट. मागे एका कागदावर रक्तगट, अॅलर्जी आणि घरचे दोन नंबर, कारण मोबाइल बंद पडला की एकही नंबर आठवत नाही. बाहेर पाण्याची बाटली, बरोब्बर एक लिटरची. आणि हो, कागदी साबणाची डबी. टूर्निकेट कपाटात आहे. रेड क्रॉस, सेंट जॉन अॅम्ब्युलन्सवाले प्रथमोपचाराचे कोर्स घेतात, तो केला की मगच तो बॅगेत परत येणार.

निघताना ताईनं एक गोष्ट सांगितली होती. पुडी दिली त्याच दिवशी, घरी गेल्या-गेल्या, ती दुसरी पुडी बॅगेत टाकते. ‘‘उद्याले कोन हाक मारन, काय सांगता येते जी?’’

तेव्हा येत्या रविवारी एवढं कराच. बॅग उलटी करा, आणि प्रत्येक वस्तू उचलून स्वतःला विचारा: ही मी शेवटची कधी वापरली? आणि मला ती वापरता येते का? माझ्या 23 पैकी सहा उरल्या. तुमच्या किती उरतात, बघा!