जॅक आणि घोडी

घरच्या अंगणात मोटार स्वतः दुरुस्त करणारे हौशी लोक मी सोलापुरात पाहतो. जॅक घेताना तो किती टनांचा, हे ते विचारतात. टेकवायचा कशावर, हे मात्र नाही. आपली काळी माती भिजली की भाराखाली दबते. म्हणून जॅकखाली जाड फळी आणि जमिनीवरच्या चाकांना उटी हवीच. हायड्रॉलिक जॅक तेलाच्या दाबावर उभा असतो. आतले सील झिजले, की तो हळूहळू खाली बसतो. विटांची चळत तर एकाएकी फुटते. जॅकचे काम उचलणे. भार धरणे हे लोखंडी घोड्यांचे. माझे स्पष्ट मत असे, की घोड्या नसतील, तर गाडीखाली शिरूच नये. काटकसरीला इतर जागा पुष्कळ आहेत.