खारीक-खजूर केव्हा घ्यावा?



सोयाबीन विकताना आपण चार बाजारांचे भाव विचारतो. खारीक मात्र लेक बाळंतपणाला आली की धावत जाऊन आणतो आणि दुकानदार सांगेल तो भाव देतो. आधी थोडा हिशेब केला तर पैसे वाचतात.

इराक-इराणकडे खजुराची तोडणी साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरात होते. नवा माल त्यानंतर आपल्याकडे येतो. पुढे थंडीत डिंकाच्या लाडवांसाठी मागणी वाढते. दुसरी मोठी मागणी रमजानची. हा महिना दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो. २०२६ चा रमजान फेब्रुवारीतला. २०३० साली तो जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर, असा दोनदा सुरू होईल. म्हणजे पुढची काही वर्षे दोन्ही मागण्या हिवाळ्यातच एकत्र येणार.

म्हणून खारीक दिवाळीच्या सुमारास, नवा माल पाहून घ्यावी. कडक, कोरडी खारीक ऊन दाखवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली की महिनोन्महिने टिकते. मऊ खजुराचे तसे नाही. ईदनंतर मागणी ओसरते, भाव उतरतो. तरी लागेल तेवढाच घ्या. पावसाळ्यात त्याला ओल धरते, आंबूस वास येतो. घेताना एक-दोन फोडून आत कीड नाही ना, ते पाहावे.

मात्र भाव उतरेल म्हणून बाळंतिणीचे लाडू अडवू नका. घरात दिवस गेलेली लेक-सून असेल तर महिना ठाऊक असतोच. त्या हिशेबाने खरेदी आधीच उरकावी.